संकटकाळचे रेडिओ आपणच बनवू या: हौशी रेडिओ क्लबांना खुले पत्र

प्रति,
हौशी रेडिओ क्लबांचे पदाधिकारी आणि सर्व हॅम (परवानाधारक हौशी रेडिओचालक) मित्रमैत्रिणी यांस,

स. न. वि. वि.

क्लबच्या बैठकीत आपत्कालीन तयारीचा विषय निघाला की गाडी हमखास खरेदीवर येते. रिग, म्हणजे रेडिओ संच, कोणता, किती वॅटचा, निधी कुठून उभा करायचा. मग एक चांगला एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, रिग येतो, त्याचे फोटो निघतात आणि तो क्लबच्या कपाटात किंवा एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, जाऊन बसतो. ही पद्धत बदलावी म्हणून हे पत्र. येत्या वर्षी क्लबने नवा रिग न घेता एकाच साध्या आराखड्याचे, कमी शक्तीचे बरेच संच सभासदांकडून बनवून घ्यावेत. आणि ज्या वस्त्यांचा संपर्क सगळ्यात आधी तुटतो, तिथे ते अँटेना आणि बॅटरीसकट आधीच उभे करावेत, ही माझी विनंती आहे.

‘आधीच’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद (कॉलसाइन, म्हणजे हवेवरची अधिकृत ओळख, व्हीयू२आरबीआय) आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात होत्या. त्या मदतकार्यासाठी गेल्या नव्हत्या. तिथून हॅम रेडिओ चालवण्याची दुर्मीळ परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम तिथल्या कॉलसाइनच्या शोधात बँडवर (हॅमना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर) गर्दी करत होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, नेहमीच्या यंत्रणा कोलमडल्या. पोर्ट ब्लेअरमधले तेच हौसेचे केंद्र मग लोकांच्या खुशालीचे आणि मदतीचे निरोप पोचवू लागले. अँटेना उभी होती, संच चालू होता, ऑपरेटर खुर्चीत होता. बाहेरून काहीही येण्याची वाट पाहावी लागली नाही.

याच्या शेजारी पोर्तो रिको ठेवून पाहा. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ त्या बेटावरून गेले आणि मोबाइलचे सुमारे ९५ टक्के टॉवर बंद पडले. रेड क्रॉसच्या विनंतीवरून अमेरिकेच्या हॅम संघटनेने २२ स्वयंसेवक संचांसह विमानाने पाठवले. त्यांनी मोलाचे काम केले यात शंका नाही. पण ते पोचेपर्यंत वादळाला काही दिवस उलटून गेले होते आणि तोवरचा भार तिथल्या स्थानिक हॅमनी वाहिला. पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दोन दिवसांत जो संच जागेवर असतो, त्याचाच उपयोग होतो. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग जनरेटरवर भिस्त, आणि रस्ता तुटला की त्याचे डिझेल पोचत नाही. पुलाबरोबर फायबर केबल वाहून गेली तर टॉवरला वीज असूनही तो मुका राहतो. अशा वेळी क्लबच्या कपाटातला शंभर वॅटचा उत्तम रिग त्याच तुटलेल्या रस्त्याच्या अलीकडे असतो.

जागोजागी आधीच ठेवायचे तर संख्या हवी, आणि संख्या हवी तर संच स्वस्त हवा. स्वस्ताईचा मुद्दा माझ्या लेखी इतकाच आहे. त्यात काटकसरीचे कौतुक नाही.

आता अंतराचा विचार करू, कारण इथेच आपल्यापैकी पुष्कळांचे लक्ष चुकीच्या जागी जाते. हॅमला दूरचा संपर्क प्रिय असतो. संकटात सापडलेल्या माणसाला मात्र दहा हजार किलोमीटरवरचा माणूस नको असतो. त्याला डोंगरापलीकडचे रुग्णालय हवे असते, ऐंशी किलोमीटरवरचे मदत केंद्र हवे असते. वस्तीच्या आतल्या दोन-तीन किलोमीटरसाठी हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचे छोटे संच, पुरतात. दोन माणसांनी दोन मीटर उंचीवर धरलेल्या हँडहेल्डचे रेडिओ क्षितिज सपाट प्रदेशातही मिळून जेमतेम साडेअकरा किलोमीटर येते आणि मध्ये टेकडी आली की तेही संपते. रबरी अँटेनाऐवजी ४९ सेंटीमीटरच्या ताठ तारेची आणि तेवढ्याच चार रेडियलची (खाली चारी बाजूंना पसरलेल्या तारांची) ग्राउंड प्लेन अँटेना छतावर चढवली, तर दोन मीटर लांबीच्या लहरींच्या बँडवर फार मोठा फरक पडतो. पण तिथवर बारीक आरजी-५८ कोॲक्स (अँटेनाची केबल) ३० मीटर ओढलीत तर १४५ मेगाहर्ट्‌झला सुमारे ६ डेसिबल, म्हणजे तीन-चतुर्थांश शक्ती, केबलमध्येच जिरते. केबल आखूड ठेवा आणि हँडहेल्डला त्याचे काम करू द्या. रिपीटरवर, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, विसंबू नका. तोही कुठल्या तरी डोंगरावर कुणाच्या तरी विजेवर चालतो.

खरी अडचण ३० ते ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात असते. हँडहेल्डच्या व्हीएचएफ लहरी तिथवर पोचत नाहीत. उंच टांगलेल्या डायपोलवरून (मधोमध केबल जोडलेल्या, दोन बाजूंच्या तारेच्या अँटेनावरून) एचएफ निघाले तर ते या पट्ट्याच्या डोक्यावरून उडी मारून पुढे जाते. यावरचा उपाय जुना आहे आणि फुकटात मिळण्याजोगा आहे: डायपोल खाली आणा. ४० मीटर बँडचा डायपोल जमिनीपासून चारेक मीटरवर बांधला की त्याची बहुतेक शक्ती सरळ वर जाते, आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आदळून परतते आणि चारी दिशांना काहीशे किलोमीटरवर सडा पडावा तशी पसरते. मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही, कारण लहर त्याच्या वरून येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून हॅम याला एनव्हीआयएस म्हणतात. याला मनोरा लागत नाही. दोन झाडे किंवा एखादा कठडा आणि एक काठी पुरे. वादळात तो पडला तर दोन माणसे अर्ध्या तासात पुन्हा उभा करतात.

लांबीचे गणित सगळ्यांना तोंडपाठ आहे: १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ. ७.१ साठी एकूण २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला साधारण १० मीटर ७ सेंटीमीटर. नवख्यांना मात्र मी तार नेहमी जास्त कापायला सांगते. प्रत्येक बाजू १० मीटर ४० ठेवा, डायपोल ज्या उंचीवर कायम राहणार आहे तिथेच चढवा आणि मग नॅनोव्हीएनए, हे अँटेना तपासणारे छोटे उपकरण, लावा. समजा पडद्यावरच्या आलेखाची दरी, म्हणजे अँटेना जिथे जुळते ती जागा, ६.९ मेगाहर्ट्‌झवर दिसली. तर १०.४० ला ६.९ ने गुणून ७.१ ने भागा, १०.११ येतात. म्हणजे दोन्हीकडून २९ सेंटीमीटर कमी करायचे. एकदम कापू नका. टोक इन्सुलेटरमधून मागे दुमडून तारेलाच पीळ द्या, पुन्हा मोजा, मग कापा. तळहाताएवढ्या या उपकरणाने अँटेना जुळवण्याचे काम शाळकरी मुलांच्या आवाक्यात आणले आहे. पडद्यावरची दरी सरकताना पाहिली की त्यांना रेझोनन्स वेगळा शिकवावा लागत नाही. प्रत्येक क्लबकडे निदान दोन नॅनोव्हीएनए असावेत. ही खरेदी मात्र मी जरूर करायला सांगेन.

अंधार पडला की ४० मीटरचा हा जवळचा रस्ता बऱ्याचदा बंद होतो. आयनांबराची क्रांतिक फ्रिक्वेन्सी खाली येते आणि सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्‌झचा सिग्नल परत न येता अवकाशात निघून जातो. ११ वर्षांच्या सौरचक्राच्या मंदीत तर हे दिवसाही घडू शकते. म्हणून संच दोन बँडचा हवा, ४० आणि ८० मीटर. ८० मीटरचा डायपोल ३.६ मेगाहर्ट्‌झला जवळपास ४० मीटर लांब होतो. तो त्याच फीडपॉइंटवर (केबल जोडण्याच्या जागी), त्याच कोॲक्सवर, दुसऱ्या दिशेला ताणून बांधता येतो. दिवसा एक, रात्री दुसरा, आणि बदल कधी करायचा याची वेळ नेटने, म्हणजे ठरल्या वेळी एकत्र बोलणाऱ्या केंद्रांच्या गटाने, आधीच ठरवलेली. एवढ्या दोन बँडांत आपले काम भागते. बाकीचे बँड या संचात नकोत. प्रत्येक जादा बँड म्हणजे जादा फिल्टर, जादा रिले आणि बिघडायला जादा जागा.

शक्तीबद्दल सभासदांच्या मनात मोठी धास्ती असते. पाच वॅटमध्ये काय होणार? शंभर वॅट आणि पाच वॅट यांत फरक १३ डेसिबलचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर दोन घरांहून किंचित जास्त. शंभर वॅटने एस-९ मिळत असेल तर पाच वॅटने एस-७ च्या आसपास मिळेल आणि माणसाचे बोलणे नीट कळेल. शिवाय एक गोष्ट वीज गेल्यावरच अनुभवाला येते: बँड शांत होतो. घराघरांतले एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर बंद पडले की रिसीव्हरमधली ती सततची खरखर ओसरते आणि एरवी गोंगाटात बुडणारे सिग्नल वर येतात. संकटाच्या दिवशी छोट्या सिग्नलला नेहमीपेक्षा चांगले दिवस असतात. नंतर जनरेटर आणि स्वस्त सौर चार्ज कंट्रोलर सुरू होतात, तेव्हा ते अँटेनापासून लांब ठेवायचे एवढे भान हवे.

बॅटरीचा हिशेबही पाच वॅटच्याच बाजूने आहे. संच ऐकताना १५० मिलीॲम्पिअर आणि बोलताना दीड ॲम्पिअर घेतो असे धरा, दहातला एक भाग बोलणे धरा. सरासरी ०.२८५ ॲम्पिअर येते. ७ ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यावर दिवसभर चालते. त्याच क्षमतेची लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ती बारा तास धरावी. २० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाचा खर्च जवळपास भरून काढते. शंभर वॅटचा रिग बोलताना २० ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. त्याला गाडीची बॅटरी, जाड केबल आणि जनरेटर लागतो. मोठा रिग निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. नेट कंट्रोलकडे, म्हणजे नेट चालवणाऱ्या मुख्य केंद्राकडे, तो असावाच, चांगल्या रिसीव्हरसकट, कारण दूरच्या क्षीण केंद्रांना ऐकायचे काम त्याचे आहे. पण टोकाच्या प्रत्येक केंद्रावर तो ठेवण्याचा हट्ट धरला, तर टोकाला काहीच राहत नाही.

तर हा पाच वॅटचा संच बनवायचा कसा? सुरुवात करायला बिटएक्ससारखा दुसरा नमुना नाही. हैदराबादच्या अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी तो आखला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. एसएसबीचा (एचएफवर आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) संच म्हणजे परदेशी, महागडे भाग, ही समजूत त्याने मोडली. टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) मिळत नसतील तर नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा, इथवर त्याची तयारी होती. त्यातले ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. ऐकताना आणि बोलताना तोच क्रिस्टल फिल्टर (हवा तेवढाच सिग्नल सोडणारा), तेच टप्पे, फक्त सिग्नलची दिशा उलटी. त्यामुळे भाग जवळपास निम्मे होतात. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा मॉसफेट, एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, आहे. तो मुळात वीज चालू-बंद करण्यासाठी बनलेला आणि म्हणून सहज मिळणारा. पुढे फ्रिक्वेन्सी तयार करायला एसआय५३५१ ही चिप आणि एक छोटा आर्डुइनो आला आणि जुन्या व्हीएफओची (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या जुन्या सर्किटची) फ्रिक्वेन्सी सरकण्याची कटकटच मिटली. आपल्या दोन बँडच्या संचाला हीच चौकट पुरते.

नुसता आराखडा उतरवून काम होत नाही, हेही सांगायला हवे. क्रिस्टल फिल्टरचेच घ्या. एकाच खेपेचे वीस-पंचवीस क्रिस्टल आणायचे, एका साध्या ऑसिलेटरमध्ये एकेक लावून फ्रिक्वेन्सी मोजायची आणि पन्नास-शंभर हर्ट्‌झच्या आत जुळणाऱ्यांचे गट पाडायचे. बोटाची ऊब लागली तरी आकडा हलतो, म्हणून क्रिस्टल लावल्यावर थोडे थांबून वाचायचे. हे काम एकट्याने कंटाळवाणे होते. टेबलाभोवती पाच जण बसले, एकाने लावायचे, एकाने वाचायचे, एकाने चिठ्ठी चिकटवायची, की ते पाहता पाहता उरकते आणि फिल्टर म्हणजे काय हे पाचही जणांना कायमचे समजते.

टोरॉइडचे वेढे ही दुसरी जागा. तार छिद्रातून जितक्या वेळा आत गेली तितके वेढे, बाहेरून किती दिसतात ते मोजायचे नाही. लाल रंगाच्या टी५०-२ वर १६ वेढ्यांना सव्वा मायक्रोहेन्री मिळते, १५ झाले तर १.१ वर येते. एका वेढ्याने बारा टक्के गेले. बनवणाऱ्याने मोजायचे आणि शेजारच्याने पुन्हा मोजायचे, असा नियमच ठेवा. आयआरएफ५१० चा बायस (त्याला कामाला लावणारा व्होल्टेज) चढवताना हात सावकाश हवा. ॲमीटर मालिकेत, आउटपुटला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा), बायस ठरवणारा प्रीसेट पूर्ण खाली, आणि मग केसाएवढा केसाएवढा वर. काही वेळ करंट हलतच नाही आणि मग एकदम चढतो. त्या क्षणी प्रीसेट थोडा जास्त फिरला की मॉसफेट गेला. त्याच्या पत्र्याच्या जिभेवर ड्रेनचा व्होल्टेज असतो, म्हणून हीटसिंकवर बसवताना मधला इन्सुलेटर विसरायचा नाही. डमी लोड विकत आणू नका. एक किलोओहमचे दोन वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट होतात. फक्त ते तारेच्या वेटोळ्याचे, वाइअरवाउंड, नसावेत.

आता ज्या गोष्टीत तडजोड नको ती. घरी बनवलेल्या ट्रान्समीटरच्या शेवटी लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) नीट नसेल तर तो ७.१ बरोबर १४.२ आणि २१.३ वरही बोलतो. ३.६ वर असताना तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, १०.८ ला पडतो, तिथे आपल्याला बोलण्याचा अधिकारच नाही. अमेरिकेच्या नियमांत एचएफ ट्रान्समीटरचे असे नको असलेले सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली लागतात. पाच वॅटला हे पाव मिलीवॅट होते. आपापल्या देशाचा नियम पाहावा, पण ही मर्यादा कुठेही उराशी बाळगण्याजोगी आहे. हार्मोनिक मोजायला आज टायनीएसएसारखा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर मिळतो. त्याच्याकडे थेट पाच वॅट सोडायचे नाहीत, मध्ये शक्ती घटवणारा पुरेसा ॲटेन्युएटर हवाच. मोजमाप झाल्याशिवाय एकही संच क्लबबाहेर जाऊ देऊ नका. संकटात दुसऱ्याच सेवेच्या फ्रिक्वेन्सीवर चढून बसणारा संच मदत करण्याऐवजी आड येईल, आणि तोही आपल्या नावावर.

‘घरी बनवलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा?’ हा प्रश्न बैठकीत येईलच, आणि तो रास्त आहे. सोल्डरचे कच्चे सांधे असतील, कनेक्टर सैल पडतील, दमट हवेत गंज चढेल. म्हणूनच एकच आराखडा आणि एकच बोर्ड असा माझा आग्रह आहे. सगळे संच सारखे असले की एकाचा बोर्ड दुसऱ्यात बसतो, एका ठिकाणी सापडलेला दोष सगळीकडे तपासता येतो आणि कुणालाही कुठलाही संच उघडता येतो. वीजजोडणी सगळीकडे एकसारखी ठेवा, ध्रुव ठरलेले ठेवा. आत तीन ॲम्पिअरचा फ्यूज आणि त्याच्यामागे उलटा जोडलेला जाड डायोड बसवा, म्हणजे अंधारात कुणी तारा उलट लावल्या तर फ्यूज उडेल आणि संच वाचेल. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किट डायग्राम लॅमिनेट करून चिकटवा, त्यावर महत्त्वाच्या बिंदूंचे व्होल्टेज लिहा. सोबत दोन मॉसफेट, चार फ्यूज, थोडी तार. पेटीबंद रिग बिघडला की त्याला सेवा केंद्राची वाट दाखवावी लागते. हा संच जागेवर दुरुस्त होतो, कारण तो ज्याने जोडला तो माणूस त्याच वस्तीत राहतो.

त्या माणसाबद्दल जरा जास्त लिहायचे आहे. संच क्लबने बनवून वस्तीला भेट देऊ नयेत. वस्तीतल्या लोकांना कार्यशाळेत बसवून त्यांच्याच हातून बनवून घ्यावेत. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आरोग्य केंद्रातली परिचारिका, मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा, पंप-मोटारी गुंडाळणारा कारागीर: यांच्या हातात आधीच कौशल्य असते. मोबाइलच्या बोर्डवरचा तांदळाएवढा भाग जो सहज बदलतो, त्याला आपले सर्किट फार सोपे वाटेल. भेट मिळालेली वस्तू कुलपात जाते, हाताने जोडलेली माणूस उघडून पाहतो, तिच्यावर लक्ष ठेवतो.

परवान्याचा प्रश्न यात दडलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवता येत नाही, आणि ही अट योग्यच आहे. पण कार्यशाळेत ज्याने फिल्टर जुळवला, हार्मोनिक मोजले, डायपोल कापला, त्याचा परीक्षेचा बराच अभ्यास झालेला असतो. उरलेल्या नियमांसाठी आणि कार्यपद्धतीसाठी क्लबने त्याच्याबरोबर बसावे, अर्ज भरायला मदत करावी. प्रत्येक संचामागे निदान दोन परवानाधारक, असे लक्ष्य ठेवा, एक आजारी पडला तर दुसरा. कायद्याची हवाही आपल्या बाजूची आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या कलमात दुरुस्ती केली. आपत्तीतल्या संपर्कासाठी हौशी केंद्रांना तयारी करता यावी म्हणून प्रशासनांनी आवश्यक पावले उचलावीत, असे उत्तेजन त्यात आहे. आणीबाणीत इतरांचे निरोप देशाबाहेर पोचवण्याची मुभाही याच कलमात आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्यालयात जाताना हे कलम छापून सोबत न्या. ‘छंद’ म्हणून बोळवण होणार असेल तर ते उपयोगी पडते.

त्याच कलमात अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा हौशी बँडवर वापरायची नाही असेही आहे. म्हणजे आपण जे बोलू ते कुणीही ऐकू शकतो. जखमींची नावे, मृतांची ओळख हवेत सोडण्याआधी विचार करावा लागतो. नातेवाइकांना ती बातमी कुणाच्या तरी स्पीकरवरून कळता कामा नये. काय बोलायचे नाही, हे मदत यंत्रणेशी बसून आधीच ठरवून घ्या.

मोर्सबद्दल एकच. १९७६ मध्ये डग डिमॉ यांनी टूनाच्या डब्यावर दोन ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर उभा करून दाखवला होता. मोर्सने इतक्या थोड्या भागांतही संपर्क होतो, आणि जिथे एसएसबीचा आवाज विरतो तिथेही मोर्स कानाला लागतो. ज्यांना येतो त्यांनी तो शिकवत राहावा. जेएस८कॉलसारखे डिजिटल प्रकार क्षीण सिग्नललाही निरोप पोचवतात, पण त्यांच्यासोबत संगणक आणि त्याची बॅटरी येते. ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

आणि निरोप. संच कितीही चांगला असो, निरोप चुकला तर सगळे व्यर्थ. कागदावर छापील फॉर्म हवा: क्रमांक, तातडी, कुठून, किती शब्द, किती वाजता, कुणाला, मजकूर, सही. शब्दांची मोजणी अनेकांना कारकुनी वाटते. ‘पाणी पिण्यास योग्य नाही’ हा निरोप घ्या. चार शब्द. आपल्या वाक्यात नकार शेवटी येतो आणि घाईत बोलणारा ऑपरेटर पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचे बटण, नेमके शेवटी लवकर सोडतो. पलीकडे पोचते ‘पाणी पिण्यास योग्य’. ऐकणाऱ्याला काही चुकले असे वाटतच नाही, वाक्य जवळजवळ पूर्ण आहे. फॉर्मवर आधी ‘शब्द चार’ असे सांगितलेले असेल तरच तो थांबतो आणि विचारतो: माझ्याकडे तीन आले, शेवटचा पुन्हा सांगा. म्हणून बोलून झाल्यावर क्षणभर थांबून मगच बटण सोडायची सवय सरावातच लावायची, आणि घेणाऱ्याने निरोप पूर्ण वाचून दाखवायचा. हे शिकायला परवाना लागत नाही, संचही लागत नाही. दोन खोल्यांत दोन गट बसवून, कागदावरून मोठ्याने वाचूनसुद्धा शिकवता येते.

सराव महिन्यातून एकदा तरी व्हावा, आणि तो फक्त या संचांवर, फक्त बॅटरीवर, फक्त खाली बांधलेल्या डायपोलवर. एकदा दिवसा ४० वर, एकदा रात्री ८० वर. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने आपत्कालीन कामासाठी ठरवलेल्या फ्रिक्वेन्सी सगळ्यांना पाठ असाव्यात: जगभरासाठी १४.३०० मेगाहर्ट्‌झ आणि संघाच्या प्रदेश एक (युरोप, आफ्रिका) व तीनसाठी (भारत याच प्रदेशात येतो) ७.११० मेगाहर्ट्‌झ. पण स्वतःच्या नेटसाठी वेगळ्या जागा निवडा आणि त्या संचाच्या झाकणावर लिहा. ज्या केंद्राने सलग दोन सरावांत उत्तर दिले नाही तिथे जाऊन पाहायचे. बॅटरी उतरली असेल, तार तुटली असेल, किंवा ऑपरेटर गाव सोडून गेला असेल. तिसरे कारण सगळ्यात जास्त वेळा घडते आणि त्यावर सोल्डरिंग आयर्न चालत नाही, नवा माणूस तयार करावा लागतो.

आता नेमकी मागणी लिहिते. पुढच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर हा एक विषय घ्या. आपल्या क्षेत्रातल्या कोणत्या वस्त्यांचा रस्ता आणि फोन सर्वांत आधी तुटतो, त्यांची यादी करा. त्यातल्या पहिल्या पाच निवडा. एक आराखडा मुक्रर करा आणि वाद तिथेच थांबवा, परिपूर्ण आराखड्याच्या शोधात वर्षे जातात. क्रिस्टल एकत्र मागवा, बोर्ड एकत्र करून घ्या, कार्यशाळेच्या तारखा जाहीर करा आणि त्या पाच वस्त्यांतून प्रत्येकी दोन माणसे बोलवा. क्लबमधल्या ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावे, सोल्डरिंग आयर्न मात्र नवख्यांच्या हातात असावे. पावसाळ्याआधी, वादळांच्या हंगामाआधी, तुमच्याकडे जो काही धोक्याचा काळ असेल त्याआधी पहिला संच जागेवर बोलता व्हायला हवा.

ज्या क्लबांनी असे संच आधीच बनवले आहेत, त्यांनी आपला बोर्ड, मोजमापे आणि आलेल्या अडचणी इतरांसाठी खुल्या कराव्यात. प्रत्येकाने तेच मॉसफेट पुन्हा जाळत बसण्याची गरज नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक परवानाधारक हॅम